आजीचं लुगडं कापण्याआधी...

गुढीपाडव्याची गिरगावातली शोभायात्रा पाहिलीय का? नाकात नथ, डोळ्यांवर गॉगल आणि नऊवारी नेसून मोटारसायकल चालवणाऱ्या ताया! एवढ्या मोठ्या लुगड्यात हे जमतं कसं? गुपित आहे काष्ट्यात. निऱ्यांचा काठ दोन पायांमधून मागे नेऊन कमरेला खोचला, की पाय मोकळे! म्हणून तर अशी लुगडी नेसून बायका शेतात राबल्या, परळ-लालबागच्या गिरण्यांत कामाला गेल्या.

नऊ वार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड! ते सावरायच्या धास्तीनं आता पुष्कळ जणी शिवलेली नऊवारी घेतात. दादरच्या दुकानांत ती तयार मिळते. निऱ्या आणि काष्टा शिवून पक्के केलेले. पायजम्यासारखी चढवली की झालं. स्नेहसंमेलनात नाचायला फारच सोयीची.

पण घरातलं जुनं लुगडं शिंप्याकडे द्यायच्या आधी जरा थांबा बरं का! शिवलेली नऊवारी एकाच मापाची. तुम्ही उंच झालात की ती आखूड. न कापलेलं लुगडं मात्र आजीला, आईला आणि तुम्हालाही येतं. निऱ्या कमी-जास्त घ्यायच्या, बस्स! आणि एकदा कात्री लागली, की ते पुन्हा अखंड होत नाही.

तेव्हा नाचासाठी नवं कापड शिवा. जुन्या लुगड्याला सावलीत वारा द्या, सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि अधूनमधून घडी बदला, कारण एकाच घडीवर जर चिरते. आणि हो, या सुट्टीत आजीला सांगा, "मला नेसायला शिकव ना!"