मातकट पाण्याचा माग

1969 साली जपानमधल्या क्योटो शहरात नळाच्या पाण्याला बुरशीसारखा कुबट वास येऊ लागला. क्योटोला पाणी मिळतं ते बिवा सरोवरातून. 1890 साली पूर्ण झालेला कालवा ते शहरापर्यंत आणतो. सुमारे 670 चौरस किलोमीटरचं हे सरोवर जपानमधलं सर्वांत मोठं. क्योटो, ओसाका, कोबे धरून जवळपास 1 कोटी 40 लाख लोकांची तहान त्याच्यावर भागते. नळातला तो वास म्हणजे सरोवरात चाललेल्या बदलाची वर्दी होती. ती ओळखायचं जे शास्त्र जगभर उभं राहिलं, ते आपल्याकडच्या प्रत्येक धरणाच्या काठावर पोचायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

वासामागची दोन संयुगं

मातकट आणि कुबट वासामागे बहुतेक वेळा दोन संयुगं असतात: जिओस्मिन आणि 2-मिथाइलआयसोबोर्निऑल, म्हणजेच एमआयबी. 1965 साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात नॅन्सी गर्बर आणि ह्यूबर्ट लशव्हालिये यांनी जिओस्मिन वेगळं काढून त्याला नाव दिलं. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू ते तयार करतात. पहिल्या पावसाच्या मृद्गंधात त्याचा मोठा वाटा असतो. सरोवरात आणि धरणात मात्र ते बहुधा निळ्या-हिरव्या शेवाळातून येतं. बिवामध्ये एमआयबीचा माग फॉर्मिडियम या तंतुमय शेवाळापर्यंत लागला, तर जिओस्मिनचा अ‍ॅनाबीनापर्यंत.

माणसाचं नाक या दोन्हींच्या बाबतीत विलक्षण तिखट आहे. लिटरमागे 10 नॅनोग्रॅमच्या आसपास असतानाच अनेकांना वास कळतो. म्हणजे 1 ग्रॅम जिओस्मिन 10 कोटी लिटर पाण्यात मिसळलं, तरी ते लपत नाही. एवढ्या मात्रेत त्याने अपाय होतो असा पुरावा नाही. पण वासाला कंटाळून लोक तपासलेलं पाणी सोडतात, न तपासलेल्या पाण्याकडे वळतात, आणि खरा धोका तिथे सुरू होतो. शिवाय निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती विषंही बनवतात. वास आला म्हणजे विष असेलच असं नाही, आणि वास नाही म्हणून विष नसेल असंही नाही. पण वास आला की शेवाळ तपासायलाच हवं.

नाक आणि यंत्र

तपासणीच्या वाटा दोन. पहिली नाकाची. प्रशिक्षित माणसांचं पथक सुमारे 45 अंश सेल्सिअसपर्यंत कोमट केलेला नमुना निर्गंध पाण्याशी ताडून हुंगतं. वासाचा प्रकार आणि तीव्रता प्रत्येक जण आधी स्वतंत्रपणे नोंदवतो. दुसरी वाट यंत्राची. बाटलीत हवेचा बुडबुडाही राहू न देता नमुना भरतात आणि थंड ठेवून प्रयोगशाळेत नेतात. तिथे छोट्या कुपीत मीठ घालून तो तापवतात, पाण्यावरच्या हवेत एक बारीक लेपित तंतू धरतात आणि त्याला चिकटलेली संयुगं गॅस क्रोमॅटोग्राफ व मास स्पेक्ट्रोमीटरने मोजतात.

सगळ्यांत मोलाची तपासणी उद्भवापाशी होते. वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने, पाण्याचं तापमान, फॉस्फरस, सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेलं शेवाळ या नोंदी एकत्र ठेवल्या, तर वास नळात पोचण्याआधी हालचाल करता येते. त्यातही एक प्रश्न निर्णायक: संयुग अजून पेशींच्या आत आहे की पाण्यात विरघळलं आहे? आत असेल, तर तुरटी घालून अख्ख्या पेशीच गाळात बसवता येतात. अशा वेळी घाईने आधीच क्लोरिन टाकला, तर पेशी फुटतात आणि आतलं सगळं पाण्यात उतरतं. एकदा विरघळलेलं जिओस्मिन क्लोरिनला जुमानत नाही. मग सक्रिय कोळशाची भुकटी, किंवा ओझोन आणि कोळशाचे थर, हा खर्चिक मार्ग उरतो. ओसाका शहराने 2000 सालापर्यंत ओझोन-कोळशाची व्यवस्था साऱ्या शहराच्या पाण्यासाठी उभी केली.

काठावरची माणसं

1977 साली बिवावर युरोग्लेना या सूक्ष्म शेवाळाचा लालसर तवंग पसरला. सांडपाण्यातल्या फॉस्फरसवर शेवाळ पोसतं आणि त्यातला काही वाटा घराघरातल्या कपडे धुण्याच्या पावडरीचा असतो, हे लोकांना कळलं. शिगा प्रांतातल्या गृहिणींनी ती पावडर सोडून साबण वापरायची चळवळ उभारली. 1979 साली प्रांताने फॉस्फेटयुक्त पावडरींच्या विक्रीवर आणि वापरावर बंदी घालणारा नियम केला. 1980 साली तो लागू झाला. कुबट वास त्यानंतरही अनेक वर्षं येत राहिला, म्हणून मोजणीही चालू राहिली.

जपानच्या पेयजल मानकांत आज दोन्ही संयुगांना लिटरमागे 10 नॅनोग्रॅमची मर्यादा आहे. आपल्या आयएस 10500 या मानकात वास आणि चव स्वीकारार्ह असावी, एवढंच म्हटलं आहे. निवाडा नाकावर सोडला असेल, तर त्या नाकाची साक्ष तरी नोंदली जावी. पाण्याला वास येतो अशी तक्रार आली की तारीख, वस्ती आणि वासाचा प्रकार लिहून घ्यावा, लगोलग धरणातला नमुना काढावा आणि दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवाव्यात. एवढ्याने सुरुवात करायला कोणतंही महागडं यंत्र लागत नाही. वर्षानुवर्षं अशी वही भरत गेली, तर धरणात उतरणारं सांडपाणी अडवा, असं ठणकावून सांगायला नागरिकांच्या हाती भक्कम पुरावा असेल.