पडीक कोणी ठरवले?

ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती पडीक, ही इंग्रजी महसुली दृष्टी आपण अजून टाकलेली नाही. सोलापूरजवळचे नान्नजचे माळरान घ्या. येथे माळढोक उघड्या गवतातच जमिनीवर अंडे घालत असे. काळवीट, लांडगा येथेच जगतात. अशा माळावर झाडे लावणे म्हणजे त्यांचे घर मोडणे. १९७९ साली येथे अभयारण्य झाले आणि धनगरांच्या चराईवर बंधने आली. शेतात मेंढ्या बसवून खत देणारा हा माणूस माळाचा शत्रू कसा? २००६च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईहक्क मान्य केला आहे. मी विद्यार्थ्यांना सांगतो : १८७१ साली अनेक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवणारी आणि माळाला पडीक ठरवणारी लेखणी एकाच सत्तेची होती. पहिला कलंक कायद्यातून पुसला. दुसरा आपण पुसायचा आहे.