प्रत्येक ग्राहकाला नावानं मेल: ब्राउझरमध्ये चालणारं तुमचं स्वतःचं छोटं अ‍ॅप



गेल्या वर्षी दिवाळीला तीन आठवडे उरले होते. रात्री साडेदहाला आमच्या बॅचमधल्या एका ताईंचा फोन आला, आवाज रडवेला. ताई घरगुती फराळ विकतात. त्यांनी त्या दिवशी १४० ग्राहकांना दरपत्रक मेल केलं होतं आणि सगळे पत्ते ‘टू’च्या रकान्यात टाकले होते. म्हणजे प्रत्येकाला बाकीच्या १३९ जणांचे पत्ते दिसले. दोघांनी ‘रिप्लाय ऑल’ करून सगळ्यांसमोर झापलं. ते एक वेळ परवडलं असतं. पण चार दिवसांनी त्याच यादीला दुसऱ्याच कुणाच्या तरी फराळाचं दरपत्रक गेलं. यादीतच कुणीतरी तो धंदा करणारं होतं.

“सर, पाच वर्षं एकेक पत्ता वहीत उतरवून जमवला होता,” ताई म्हणाल्या.

आता तुम्ही म्हणाल, ‘बीसीसी’ वापरायचं ना! बरोबर आहे, पत्ते लपले असते. पण ‘प्रिय ग्राहक’ अशी सुरुवात झालेला मेल किती जण उघडून वाचतात? आणि कुणाला गेला, कुणाचा राहिला, याची नोंद कुठे? म्हणून या व्हिडिओत आपण एक साधं अ‍ॅप बनवलंय. ब्राउझरमध्ये एक पान उघडतं, त्यात विषय आणि मजकूर लिहायचा, बटण दाबायचं, की यादीतल्या प्रत्येकाला त्याच्या नावानं वेगळा मेल जातो. खर्च शून्य. कोड स्क्रीनवर दाखवलाय, तो इथे पुन्हा देत नाही. इथे बोलू या की ते असंच का बनवलं आणि कुठे फसायला होतं.

पहिला प्रश्न सगळेच विचारतात: नुसत्या एचटीएमएलच्या पानावरून मेल जाणार नाही का? नाही जाणार. मेल पाठवायची भाषा म्हणजे एसएमटीपी, आणि पानातला जावास्क्रिप्ट ती थेट बोलू शकत नाही. ‘मेलटू’ लिंक टाकली तर फक्त तुमचं मेल अ‍ॅप उघडतं, ‘सेंड’ तुम्हालाच दाबावं लागतं. काही जण जुगाड म्हणून मेल सेवेची गुप्त की पानाच्या जावास्क्रिप्टमध्येच लिहून टाकतात. हे कधीही करू नका. पानावर राइट क्लिक करून ‘व्ह्यू पेज सोर्स’ म्हटलं की ती की कुणालाही दिसते. दुकानाची किल्ली शटरलाच टांगून ठेवण्यातला प्रकार.

म्हणजे मागे काम करणारं कुणीतरी हवं. सर्व्हर भाड्यानं घ्यायची गरज नाही, गूगल शीट्सच्या पोटात ‘अ‍ॅप्स स्क्रिप्ट’ आहे. शीट उघडा, एक्स्टेन्शन्स मेनूत जा, तिथे सापडेल. तो कोड गूगलच्या सर्व्हरवर चालतो, म्हणून तुमचा पासवर्ड पानात कुठेच लिहावा लागत नाही. ‘डूगेट’ नावाचं फंक्शन पान दाखवतं आणि ‘मेलअ‍ॅप’ मेल पाठवतं. ‘जीमेलअ‍ॅप’नंही मेल जातात, पण ते तुमचा इनबॉक्स वाचायचीही परवानगी मागतं. आपल्याला फक्त पाठवायचंय. मग घरात येऊ द्यायचं कशाला? मेलअ‍ॅप पुरे.

शीटमध्ये चार रकाने करा: नाव, ईमेल, शहर, स्थिती. मजकुरात जिथे नाव हवं तिथे दोन महिरपी कंसांत ‘नाव’ लिहायचं, कोड तिथे प्रत्येकाचं नाव भरतो. पत्त्याच्या शेवटी चुकून पडलेली रिकामी जागा कोडनंच काढून टाकावी. फोनवरून कॉपी केलेल्या पत्त्यांत ती हमखास असते.

चौथा रकाना, स्थिती, हा या अ‍ॅपचा जीव आहे. नीट वाचा.

साध्या जीमेल खात्याला अ‍ॅप्स स्क्रिप्टमधून २४ तासांत १०० जणांनाच मेल पाठवता येतो. पैसे भरून घेतलेल्या वर्कस्पेस खात्याला ही मर्यादा १,५०० आहे. म्हणजे ताईंच्या १४० ग्राहकांना दोन दिवस लागणार. शिवाय एक स्क्रिप्ट सलग सहा मिनिटांपेक्षा जास्त चालत नाही. त्यामुळे काम मध्येच थांबणार हे धरूनच चाला. थांबल्यावर बटण पुन्हा दाबलं आणि कोड पहिल्या ओळीपासून सुरू झाला, तर पहिल्या शंभर जणांना तोच मेल दुसऱ्यांदा जाईल. गिऱ्हाईक वैतागायला एवढं पुरतं.

म्हणून प्रत्येक मेल गेला की लगेच त्या ओळीत ‘गेला’ आणि तारीख-वेळ लिहायची. ‘लगेच’ महत्त्वाचं आहे, कारण शीट्स लिहायची कामं साठवून एकदम करतं. ‘फ्लश’ म्हटलं की ते तिथल्या तिथे लिहिलं जातं. पुढच्या वेळी कोडनं ज्या ओळीची स्थिती रिकामी असेल तीच घ्यायची. एखादा पत्ता चुकीचा निघाला तर कोड तिथेच आडवा पडू नये. चूक पकडायची, स्थितीत ‘पत्ता तपासा’ लिहायचं आणि पुढे जायचं. आणि सुरुवातीलाच आज किती मेल शिल्लक आहेत ते विचारून घ्यायचं. मेलअ‍ॅपला तसं विचारता येतं.

माझी स्वतःची फजिती सांगतो. पहिल्यांदा बनवलं तेव्हा नेट हळू होतं. बटण दाबलं, काही हललं नाही, म्हणून परत दाबलं. दोन्ही वेळचं काम बरोबरच सुरू झालं आणि बऱ्याच जणांना कार्यशाळेचं आमंत्रण दोनदा गेलं. एकानं विचारलं, “सर, दोन खुर्च्या ठेवल्यात का?” तेव्हापासून बटण एकदा दाबलं की ते बंद होतं आणि मागे ‘लॉकसर्व्हिस’ असते, म्हणजे एक काम संपेपर्यंत दुसरं सुरूच होत नाही.

आता सगळ्यात नाजूक जागा: डिप्लॉय. वेब अ‍ॅप म्हणून डिप्लॉय करताना गूगल दोन गोष्टी विचारतं. कोड कुणाच्या नावानं चालवायचा? तुमच्या. पान कोण उघडू शकतं? इथे ‘ओन्ली मायसेल्फ’च निवडा. घाईत ‘एनीवन’ निवडलं, तर ज्याच्या हाती ती लिंक पडेल तो तुमच्या नावानं तुमच्या ग्राहकांना काहीही पाठवू शकेल. ‘हा क्यूआर कोड, इथे आगाऊ रक्कम भरा’ असा मेल गेला तर? पैसे जातील गिऱ्हाइकाचे आणि नाव जाईल तुमचं.

पहिल्यांदा चालवताना ‘गूगलनं हे अ‍ॅप तपासलेलं नाही’ असा इशारा येतो. कोड तुमचा स्वतःचा आहे, तर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मधून पुढे जा. दुसऱ्या कुणाचा कोड न वाचता चिकटवला असेल, तर तिथेच थांबा. आणि कोड बदलूनही पान जुनंच दिसत असेल तर डोकं खाजवत बसू नका. ‘मॅनेज डिप्लॉयमेंट्स’मध्ये जाऊन नवी आवृत्ती काढावी लागते.

मेल कुणाला पाठवायचा? ज्यांनी स्वतःहून पत्ता दिलाय त्यांनाच. बाजारात पाच हजार पत्त्यांच्या याद्या विकत मिळतात, त्यांना हात लावू नका. लोकांनी ‘स्पॅम’ दाबलं की पुढे तुमच्या चांगल्या ग्राहकालाही मेल पोचत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलनं नियम आणखी कडक केलेत, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा असं ते सांगतं. हिशेब करा: हजार मेलमागे तीन तक्रारी झाल्या की तुम्ही रेषेवर. म्हणून मेलच्या शेवटी एक ओळ ठेवाच: ‘पुढे मेल नको असल्यास “नको” असं उत्तर पाठवा.’ कुणी तसं कळवलं की त्याच्या स्थितीत ‘नको’ लिहा. रकाना रिकामा नाही, म्हणजे कोड त्याला आपोआप वगळतो. मात्र नवीन मेलसाठी स्थिती पुसाल तेव्हा ‘नको’ पुसू नका!

ताईंनी यंदा आधी सगळ्यांना माफीचा मेल पाठवला, याच अ‍ॅपमधून, प्रत्येकाला नावानं. पहिल्या दिवशी १००, दुसऱ्या दिवशी उरलेले. सहा पत्ते चुकीचे निघाले, अकरा जणांनी ‘नको’ कळवलं. दरपत्रक त्यानंतर आठवड्यानं गेलं.

तुम्ही सुरुवात करताना यादीत फक्त तीन ओळी ठेवा: तुमचा पत्ता, घरातल्या कुणाचा तरी आणि एक मुद्दाम चुकीचा. तिन्हींची स्थिती बरोबर उमटली, की मगच खरी यादी चिकटवा. पुढच्या व्हिडिओत याच पानावर दरपत्रकाचा पीडीएफ जोडायचा आहे, तो आधीच ड्राइव्हमध्ये टाकून ठेवा.