बेसवर काय लिहिलंय?

जुन्या खेळण्यांच्या नादातली दोन माणसं भेटली की हातातली गाडी आधी उलटी होते. रंग, चाकं, काचा सगळं नंतर. आधी बेस वाचायचा. कंपनी कोणती, देश कुठला, साल आहे का, रिव्हेट मूळचा आहे की कुणी पाडून परत बसवलाय. एवढं झालं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘ओरिजिनल की री-इश्यू?’ या प्रश्नाचं उत्तर देताना माझी जीभ गेल्या काही वर्षांत अडखळायला लागली आहे. त्याचं कारण पावण्यात आहे.

पावणे म्हणजे ठाणे-बेलापूर रस्त्यावर तुर्भे आणि कोपरखैरण्याच्या मधलं आगरी-कोळ्यांचं गाव. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला पारसिकची डोंगररांग, आणि मध्ये एमआयडीसीचे प्लॉट. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि साठच्याच दशकात ठाणे खाडीपलीकडच्या या पट्ट्यात कारखाने यायला लागले. सिडको आली १९७० मध्ये, म्हणजे नवी मुंबई हे नाव कागदावर यायच्या आधीच इथे चिमण्या उभ्या होत्या. १९६८ मध्ये याच रस्त्यावर नोसिलचा नाफ्था क्रॅकर सुरू झाला. त्यातून निघणाऱ्या इथिलीनपासून शेजारीच पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीजने हाय डेन्सिटी पॉलिथिलीन बनवायला घेतलं. बादल्या, क्रेट, बाटल्यांची झाकणं आणि खेळणी अशा किती वस्तूंचा दाणा इथून गेला असेल! त्याच १९६८ साली तिकडे कॅलिफोर्नियात मॅटेलने ‘हॉट व्हील्स’ नावाच्या छोट्या गाड्या बाजारात आणल्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण माझ्या डोक्यात त्या कायमच्या जोडल्या गेल्यात.

वडील पावण्याच्या सी ब्लॉकमधल्या एका छोट्या मोल्डिंग शेडमध्ये सुपरवायझर होते. जॉबवर्कचा धंदा. गिऱ्हाईक डाय आणि दाणा द्यायचं, शेड शॉट मारून द्यायची. आज बाटलीची बुचं, उद्या रेडिओची बटणं, दिवाळीच्या आधी शिट्ट्या आणि पोकळ ट्रॅक्टर. सुट्टीत मला तिथे बसवून ठेवायचे. मशीन उघडायचं, इजेक्टर पिना पुढे यायच्या आणि टपकन एक झाड पडायचं. मधोमध रनर आणि त्याला चारी बाजूंनी लटकलेले चार ट्रॅक्टर. ते तोडायचं काम बायकांकडे. उरलेला रनर ग्राइंडरमध्ये जाऊन पुन्हा दाणा व्हायचा.

डायफिटर काका मूळचे साताऱ्याकडचे. पहिला शॉट त्यांनी मला कधी दिला नाही. ‘पहिला माल टाकायचा असतो,’ म्हणायचे. डाय गार असते, आधीच्या रंगाची धार राहिलेली असते, कोपऱ्यात प्लॅस्टिक पोचलेलं नसतं. वीस-पंचवीस शॉट गेले, डाय तापली, पाणी नीट फिरायला लागलं की मग माल ‘बसतो’. आणि हजारो शॉटनंतर डायचे दोन भाग घट्ट मिटेनासे झाले की जोडरेषेवर पातळ पापुद्रा यायला लागतो. त्याला फ्लॅश म्हणतात. तो दिसला की डाय टूलरूमला.

संग्राहक ‘पहिल्या वर्षीचा तुकडा’ म्हणून जिवाचं रान करतात तेव्हा मला काका आठवतात. त्यांच्या लेखी ट्रॅक्टर हा नुसता माल होता. वस्तू होती ती डाय. डाय तीच असेल तर १९८३ चा ट्रॅक्टर आणि १९८९ चा ट्रॅक्टर यांत फरक काय, हे त्यांना कुणी पटवून देऊ शकलं नसतं.

आणि डाय प्रवास करतात. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा माझ्या कपाटाचा अर्थच बदलला.

लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मेकॅनो कंपनी डिंकी टॉईजच्या गाड्या बनवायची. मॉडेल जुनं झालं, इंग्रज पोरांचं मन उडालं, की त्या डायचं करायचं काय? साठच्या दशकाच्या शेवटी त्यांपैकी काही कलकत्त्याला आल्या आणि तिथून ‘निकी टॉईज’ नावाने गाड्या निघायला लागल्या. काहींच्या बेसवर डिंकीचं नाव खरवडून बुजवल्याच्या खुणा दिसतात. रंग जाड, डबा साधा. लिव्हरपूलचा कारखाना १९७९ च्या नोव्हेंबरात बंद पडला, पण त्या गाड्यांची एक शाखा हुगळीकाठी वाढून गेली होती. आज इंग्लंडातले संग्राहक निकी टॉईज स्वतंत्र प्रकार म्हणून हौसेने शोधतात.

तीच गत ऐंशीच्या दशकात लिओची. व्हीआयपी बॅगांच्या ब्लो प्लास्टचा ‘लिओ’ हा खेळण्यांचा ब्रँड. मॅटेलशी हातमिळवणी झाली आणि दुकानात ‘लिओ मॅटेल’च्या कार्डावर हॉट व्हील्स लटकायला लागल्या. अमेरिकेत येऊन जुनी झालेली कास्टिंग्ज, पण रंग असे की अमेरिकेत कुणी पाहिले नव्हते. ही-मॅनही लिओचाच. दूरदर्शनवर कार्टून लागायचं आणि दुसऱ्या दिवशी मैदानात फूटपट्टी उपसून प्रत्येक जण तलवारवाला व्हायचा. ज्याच्याकडे खरा बाहुला होता त्याला बॅटिंग आधी मिळायची. हा आमच्या सोसायटीचा अलिखित कायदा.

मग आला फन्स्कूल. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून १९८७ मध्ये काढलेली कंपनी, कारखाना गोव्यात. तिथे जी. आय. जो निघायला लागला. अमेरिकेत १९८२ मध्ये सुरू झालेली ती पावणेचार इंची सैनिकांची मालिका १९९४ मध्ये तिथे थांबली. गोव्यात ती थांबली नाही. अमेरिकेतली पोरं आता कॉलेजात गेली होती, दुकानांतली त्यांची फळी रिकामी झाली होती, आणि इकडे फन्स्कूलचे सैनिक खाकीऐवजी पिवळे, निळे, कधी चक्क गुलाबीकडे झुकणारे असे बिनधास्त निघत होते. अमेरिकन चाहते ते पार्सलने मागवायला लागले. ज्याला आपण ‘आपल्याकडचा डुप्लिकेट’ म्हणून थोडं ओशाळून खेळलो, तो तिकडे दुर्मिळ ठरला.

आता मला सांगा, हे सगळं री-इश्यू नव्हतं तर काय होतं? आमच्या पिढीचं ओरिजिनल म्हणजे कुणाच्या तरी निवृत्त डायचा दुसरा जन्म. आम्ही तो पहिल्यांदा पाहिला म्हणून तो आमच्यासाठी पहिला.

हे लक्षात यायच्या आधीचा मी मोठा कडवा होतो. नव्याने काढलेल्या जुन्या खेळण्यांना ‘रेप्रो’ म्हणून नाक मुरडणारा. चोर बाजारात शुक्रवारी पहाटे जाणारा. तिथेच एकदा लिओची म्हणून एक गाडी घेतली. किंमत सांगत नाही, बायको हे वाचणार आहे. काकांकडे नेऊन दाखवली. तोवर ते निवृत्त होऊन कोपरखैरण्यात मुलाकडे राहत होते. त्यांनी भिंगही मागितलं नाही. बेसवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘रिव्हेट ड्रिल मारून पाडलाय, वर लांबी भरलीय. मझॅक जुनं हाय, रंग परवाचा हाय.’ मझॅक म्हणजे जस्ताचा तो मिश्रधातू, ज्याच्या या गाड्या ओततात. म्हणजे अंग खरं, कपडे खोटे. ही गाडी ओरिजिनल की नकली? मी विचारलं. ते म्हणाले, ‘गाडी हाय.’

मझॅकवरून आठवलं. या धातूत शिसं थोडं जास्त मिसळलं गेलं तर तो आतून फुटायला लागतो. महायुद्धाआधीच्या कितीतरी डिंकी गाड्या अशा कपाटात बसल्या बसल्या चिरा जाऊन भुगा झाल्या. अमेरिकन बाहुल्यांचं दुखणं वेगळं. जी. आय. जोचं धड आणि पाय एका रबरी ओ-रिंगवर तोललेले असतात. पंचवीस-तीस वर्षांत रबर वाळतं, तुटतं आणि सैनिक कमरेत दुभंगतो. परदेशी संग्राहक खास रिंगा मागवतात. मी पावण्याच्या नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात कॅलिपर घेऊन गेलो आणि त्याच मापाच्या नायट्राइल ओ-रिंगा डझनावारी घेऊन आलो. दुकानदाराने विचारलं, कुठल्या पंपाला? मी म्हटलं, सहा नंबरच्या सैनिकाला. त्याने पाकीट माझ्याकडे सरकवलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तर ओरिजिनल म्हणजे अशी मरत जाणारी वस्तू. तिची कंपनी तिला वाचवू शकत नाही, आणि आपण तिच्याशी खेळू शकत नाही.

२००१ मध्ये आयातीवरचे परिमाणात्मक निर्बंध उठले आणि चिनी खेळण्यांचे ढीग आले. वडिलांच्या शेडमधली खेळण्यांची कामं एकेक करून गेली. ट्रॅक्टरवाला गिऱ्हाईक आला, म्हणाला, मी आता तयारच मागवतो. शेड बुचांवर आली आणि बुचांवरच संपली. आम्ही संग्राहक ‘भारतीय बनावटीची’ म्हणून ज्या काळाच्या वस्तूंना भाव देतो, तो काळ संपवणारी माणसं वाईट नव्हती. त्यांना फक्त हिशेब येत होता.

मग जगभर चाळिशीतली पोरं पैसे बाळगून फिरायला लागली आणि कंपन्यांना त्यांचा वास लागला. डिंकीच्या जुन्या मॉडेलांच्या हुबेहूब प्रतिकृती अ‍ॅटलस एडिशन्सने युरोपात हप्त्या-हप्त्याने विकल्या. डब्यासकट, पण चीनमध्ये बनवून. मॅटेलने २०२० मध्ये ही-मॅनची ‘ओरिजिन्स’ मालिका आणली: चेहरा जुना, उंची तीच, पण गुडघे-कोपर वळणारे. त्याच सुमारास हॅस्ब्रोने जी. आय. जो जुन्या धाटणीच्या कार्डावर परत लटकवला. म्हणजे ज्या वळणाच्या बाहुल्या एके काळी गोव्यात बनत होत्या, त्या आता आपल्याकडे आयात व्हायच्या. आणि आयात महाग झालेली. २०२० मध्ये खेळण्यांवरचं शुल्क २० टक्क्यांवरून ६० वर नेलं, २०२३ मध्ये ७० वर. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यावर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. रंगातलं शिसं, टोकदार कडा, सुटणारे भाग सगळं तपासायचं. हे योग्यच झालं. माझ्या कपाटातल्या निम्म्या वस्तू त्या तपासणीत पहिल्याच दिवशी नापास होतील. लहानपणी आम्ही त्या तोंडात धरून झाडावर चढायचो.

आमच्या मंडळींत या री-इश्यूवरून भांडणं होतात. एक गट म्हणतो, यामुळे जुन्याचा भाव पडेल. माझा अनुभव वेगळा आहे: नवा ही-मॅन आला की जुना कुठे मिळेल असं विचारणारे वाढतात. दुसरा गट म्हणतो, हात लावल्यावर ‘ते’ वाटत नाही. यात तथ्य आहे. नवं प्लॅस्टिक टणक आणि गुळगुळीत. जुन्या लिओच्या पायाला रबरासारखा मऊपणा होता आणि पावसाळ्यात येणारा एक चिकट वास. तो वास कुठल्याही कंपनीला परत काढता येणार नाही, आणि काढला तर बीआयएस पास करणार नाही.

एक गोष्ट मात्र मला कबूल केली पाहिजे. ओरिजिन्सचा ही-मॅन मी पाकीट न फोडता ठेवायचं ठरवलं होतं. भाची आली, तिने कार्ड टराटरा फाडलं, बाहुल्याचे हात उपटून दुसऱ्याला लावले, आणि संध्याकाळी त्याला आंघोळ घातली. जुन्याला तिने हात लावला असता तर माझं काय झालं असतं, हा विचारही नको. त्या दिवशी चाळीस वर्षांनी माझ्या घरात ही-मॅनशी कुणीतरी खेळलं.

मोठ्यांच्या या वादात न सापडलेलं एक खेळणं म्हणजे भातुकली. पुण्यात विलास करंदीकरांनी भातुकलीच्या भांड्यांचा केवढा संग्रह जमवला आणि गावोगावी मांडला. पण तुळशीबागेतून नवा पितळी संच आणणाऱ्या आजीला कुणी ‘रेप्रो घेतलात का हो?’ असं विचारत नाही. इवलासा बंब, इवलंसं पातेलं, चुलीवर मावेल एवढा तवा. ते दर पिढीत कुणीतरी पुन्हा ठोकतंच. जत्रेतली पत्र्याची फटफट होडीही तशीच. तिला खंडच पडला नाही, मग री-इश्यू कशी होईल? उलट बिनाकाच्या टूथपेस्टबरोबर येणारे ते बोटाच्या पेराएवढे रंगीत प्राणी बघा. बिनाका गेली, तिची सिबाका झाली, १९९४ मध्ये ती कोलगेटकडे गेली. प्राणी मागेच राहिले. माझ्याकडे चौदा आहेत. त्यातल्या जिराफाची मान भाचीनेच मोडली, दुसऱ्या भेटीत.

गेल्या वर्षी काकांकडे गेलो होतो. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्यांनी एक लोखंडी ठोकळा लावून ठेवला होता. ओळखीचा वाटला. उलटा केला तर ट्रॅक्टरची डाय. शेड बंद झाली तेव्हा सगळ्या डाय भंगारात किलोवर गेल्या, त्यातून त्यांनी हा ठोकळा उचलून आणला होता. पण एकच भाग. कोअर. कॅव्हिटीवाला दुसरा भाग टेम्पोत आधीच चढला होता.

मी विचारलं, यातून आता काय निघेल? त्यांनी ठोकळा पायाने परत दाराशी सरकवला. ‘ट्रॅक्टरची आतली बाजू,’ म्हणाले.