मोटारीचा उच्छ्वास : हेडर निवडावा कसा व बसवावा कसा

मोटारीच्या अंगी बळ येते ते पेट्रोल व हवा यांच्या जळण्याने, हे आमच्या आठवीच्या विद्यार्थ्यासही ठाऊक असते. परंतु जळून उरलेला वायू वेळेवर बाहेर पडला नाही, तर ताज्या मिश्रणास सिलिंडरात जागाच मिळत नाही, या गोष्टीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. हा वायू इंजिनातून प्रथम ज्या नळ्यांत शिरतो, त्यांच्या जुडग्यास हेडर म्हणतात. मूळचे मॅनिफोल्ड काढून बाजारातला हेडर बसविण्याची हौस हल्ली तरुणांत पुष्कळ दिसते. संगमेश्वर पडले मुंबई-गोवा महामार्गावर. सुटीच्या दिवशी शास्त्री पुलावरून जाणाऱ्या नटव्या मोटारींचा घोष ऐकून आमच्या वरच्या वर्गांतील मुलांचे डोळे चमकतात, आणि सायंकाळी घरोघरी वडिलांपाशी हट्ट सुरू होतो. तेव्हा या हट्टात तथ्य किती, याचा विचार मुलांनी व पालकांनी एकत्र बसून करावा, एवढ्यासाठी हा लेख.

कारखान्याचे मॅनिफोल्ड बहुधा ओतीव लोखंडाचे, आखूड व जड असते. ते स्वस्त असते व पुष्कळ वर्षे टिकते. परंतु त्यात एका सिलिंडरातून निघालेला धूर शेजारच्या सिलिंडराच्या वाटेत आडवा येतो. हेडरात प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र नळी असते व काही अंतरावर त्या साऱ्या एकत्र मिळतात.

आता यातील खरी मौज पाहा. धूर नळीतून नदीच्या पाण्यासारखा अखंड वाहत नाही. झडप उघडताच तो धक्क्याने सुटतो. या धक्क्याची लाट नळीतून ध्वनीच्या वेगाने धावते. साध्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४० मीटर असतो. तप्त धुरात तो ५०० च्याही वर जातो. ही लाट नळ्यांच्या संगमापाशी पोहोचली, की मोकळी जागा मिळाल्यामुळे तिचा काही भाग उलटा फिरतो, आणि फिरताना दाबाची लाट ओढीची लाट होऊन परत येते. ती झडपेपाशी नेमकी अशा क्षणी पोहोचली, की धुराची झडप मिटत आहे व ताज्या मिश्रणाची उघडत आहे, तर ती उरलासुरला धूर ओढून काढते व त्याच ओढीने नवे मिश्रण आत खेचून घेते. इंजिनास फुकटचा मदतनीस मिळाला म्हणा ना!

परंतु हा मदतनीस वक्तशीर नव्हे. इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असता एका फेऱ्यास २० सहस्रांश सेकंद लागतात; ६००० फेऱ्यांस तोच वेळ १० वर येतो. लाटेचा वेग मात्र जवळजवळ तोच राहतो. म्हणजे कमी फेऱ्यांवर लाट वेळेवर यावी तर नळी लांब हवी, व जास्त फेऱ्यांवर यावी तर आखूड. एकच नळी दोन्ही वेळा साधू शकत नाही. चुकीच्या क्षणी परतणारी दाबाची लाट तर धूर उलट आत ढकलते, आणि पैसे खर्चून बळ कमी झाल्याचे पाहावे लागते. म्हणून हेडर निवडणे म्हणजे आपले इंजिन बहुतेक वेळ किती फेऱ्यांवर चालते, हे आधी ठरविणे होय.

आंबा घाट चढणाऱ्या, साखरप्यापासून देवरुखापर्यंत वळणे घेणाऱ्या गाडीस बळ हवे असते ते दोन-तीन हजार फेऱ्यांवर. शर्यतीच्या मोटारीस ते सहा हजारांच्या पुढे हवे असते. चार सिलिंडरांच्या इंजिनासाठी दोन घडणी प्रचलित आहेत. एकीत चारही नळ्या एकदम एका ठिकाणी मिळतात. ती वरच्या फेऱ्यांस मानवते. दुसरीत चारांच्या दोन व दोनांची एक होते. ती मधल्या फेऱ्यांवर उपयोगी पडते. या दुसरीत जोड्या कशाही लावून चालत नाही. ठिणगीचा क्रम पुष्कळ इंजिनांत १-३-४-२ असा असतो. तेव्हा पहिल्याची जोडी चौथ्याशी व दुसऱ्याची तिसऱ्याशी लावतात, म्हणजे एका जोडीतील दोन धक्क्यांत पुऱ्या एका फेऱ्याचे अंतर पडते.

नळी जितकी रुंद तितकी चांगली, हा समज सार्वत्रिक आहे आणि तो साफ खोटा आहे. बागेच्या नळीचे तोंड बोटाने दाबले असता पाणी लांब उडते, हे मुलांनी पाहिलेच आहे. फार रुंद नळीत धुराचा वेग मंदावतो व ओढ क्षीण होते. फार अरुंद नळीत तो कोंडतो. इंजिनास थोडा कोंडमारा हवाच, असे सांगणारेही भेटतात. वस्तुतः इंजिनास हवा असतो तो वेग, कोंडमारा नव्हे.

धातूविषयी थोडे सांगतो. साधे पोलाद स्वस्त असते, पण कोकणच्या पावसात ते लवकरच गंजते. ३०४ क्रमांकाचे स्टेनलेस स्टील महाग पडले तरी तेच घ्यावे. नळ्यांना उष्णतारोधक पट्टी गुंडाळण्याची चाल आहे. आमच्या दमट हवेत ती पट्टी ओल धरून ठेवते व आतल्या आत पोलाद खाते.

एवढे वाचून कोणी लगेच बाजारात धाव घेऊ नये. नव्या मोटारींपैकी कित्येकांत मॅनिफोल्ड इंजिनाच्या डोक्यातच ओतलेले असते, तेथे बदलावयास काही नसतेच. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे नियम लागू झाले. विषारी वायू शमविणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून तो इंजिनास अगदी लगटून बसविलेला असतो, आणि पुष्कळदा मॅनिफोल्डाबरोबर तोही निघतो. तो गेला की गावच्या हवेत विष मिसळले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये असा निर्णय दिला की, कारखानदाराने नोंदविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार वाहनात करता येत नाही. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन अशा फेरफाराबद्दल मालकास कैदेची वा दंडाची शिक्षा सांगितली गेली. मालक म्हणजे वडील, हौस मुलाची! रस्त्यावरच्या गाडीत हेडर बसविण्यास आमची संमती नाही, हे येथे स्पष्टच लिहितो.

मग ही विद्या शिकावी कोठे? अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी स्वतः छोट्या शर्यती मोटारी बांधतात व कोइंबतूरजवळच्या कारी धावपट्टीवर फॉर्म्युला भारत स्पर्धेत उतरतात. तेथील नियमाने पेट्रोलच्या इंजिनाचे आकारमान ७१० घनसेंटिमीटरांहून अधिक नसावे, व सारी हवा अवघ्या २० मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून आत यावी. हवा अशी मोजून मिळाली, की नळीच्या लांबीचा हिशेब करावाच लागतो. आपल्या तालुक्यात आंबव येथेही अभियांत्रिकी महाविद्यालय आहे; ज्यास गोडी आहे त्याने आजपासून गणित व पदार्थविज्ञान नीट करावे.

शर्यतीच्या मोटारीवर हेडर चढविण्याची रीत अशी. इंजिन पुरते थंड झाल्यावर बॅटरीची तार सोडावी. गंजलेल्या नटांवर गंज सोडविणारे तेल आदल्या रात्रीच सोडून ठेवावे. घाई करून पाना ओढला तर स्टड तुटतो, आणि तुटलेला स्टड काढणे म्हणजे अर्ध्या दिवसाचे काम. उष्णतेचा पत्रा व ऑक्सिजन सेन्सर काढून मग मॅनिफोल्ड उतरवावे. इंजिनाची बैठक खरवडून स्वच्छ करावी, पण ती ॲल्युमिनियमची असल्यास तीवर ओरखडा पडू देऊ नये. जुने गॅस्केट पुन्हा वापरू नये. हेडर प्रथम हाताने नट लावून बसवावा आणि तारा, स्टार्टर व रबरी आवरणे नळ्यांपासून दूर आहेत ना, ते पाहावे. नंतर मधल्या नटांपासून कडेकडे जात, दोन-तीन फेऱ्यांत टॉर्क रेंचने कारखान्याच्या मापाइतके आवळावे. एकाच टोकाकडून आवळल्यास पट्टी वाकते.

सेन्सरच्या अलीकडे बारीकशी जरी फट राहिली, तरी तीतून बाहेरची हवा आत शिरते. इंजिनाचा संगणक फसतो व नसती पेट्रोलची भर घालतो. नव्या हेडराच्या मानाने संगणकातील पेट्रोलचे कोष्टकही जुळवून घ्यावे लागते. इंजिन प्रथम चालू करावे ते उघड्यावर; बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइडने माणूस नकळत दगावतो. बैठकीपाशी टिकटिक असा आवाज आला तर तेथे गळती आहे असे समजावे. इंजिन दोन-तीन वेळा तापून निवल्यावर सारे नट पुन्हा एकदा तपासून आवळावे, कारण पोलाद तापून फुगते व निवून आकसते, आणि पहिल्या दिवशी घट्ट असलेला नट आठवड्याने तसाच राहत नाही.