गप्प उभे असलेले चौघे

मराठी शाळेत शिकलेल्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवा आणि भाषण कर म्हणा. सन्माननीय व्यासपीठ, आदरणीय गुरुजन वर्ग, मी जे दोन शब्द सांगणार आहे ते आपण शांत चित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती, इथपर्यंत तो कुठे अडणार नाही. पुढचं आठवेलच असं नाही. देवणीत आमच्या वक्तृत्वाच्या वर्गात गटाने सादरीकरण करायची वेळ आली, तेव्हा पहिल्याच गटातल्या पाचही जणांनी ही विनंती केली. पाच वेळा व्यासपीठ सन्माननीय झालं, आणि व्यासपीठ म्हणजे फळ्याखालची सिमेंटची पायरी. चौथ्या वेळेला वर्ग हसायला लागला. पाचव्याला हसण्याचं कारणच कळेना, कारण आधीच्या चौघांचं त्याने ऐकलंच नव्हतं. तो आपला कागद पाठ करत उभा होता.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या वर्गांत कौशल्याचे विषय आणले, त्यातलाच हा एक. लिहायला कमी आणि बोलायला जास्त, म्हणून बऱ्याच जणांनी घेतलेला. काम साधं होतं: गटात पाच जण, पंधरा मिनिटं, विषय आपल्या भागातला. बाकीच्यांनी मागे बसून तक्ता भरायचा. आवाज, देहबोली, मांडणी, वेळेचं भान, समन्वय. पहिल्या दिवशीचे तक्ते गोळा झाले तेव्हा त्यांत ‘छान’, ‘खूप छान’ आणि ‘अप्रतिम’ याखेरीज काही नव्हतं. त्यात आश्चर्य नाही. ज्याला दुपारी ‘तुझा आवाज मागे पोचला नाही’ म्हणायचं, त्याच्याच शेजारी संध्याकाळी उदगीरच्या एसटीत बसायचं असतं.

सरांनी मग टोस्टमास्टर्सची गोष्ट सांगितली. राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थाने १९२४ साली कॅलिफोर्नियातल्या सांता अ‍ॅना गावी सुरू केलेला हा भाषणाचा क्लब आता जगभर आहे. तिथे प्रत्येक भाषणाला एक परीक्षक नेमलेला असतो आणि त्याने उठून परीक्षणाचंच छोटं भाषण करायचं असतं. बोलणारा कितीदा ‘अं, आं’ करतो हे मोजायलाही वेगळा माणूस. आमच्याकडे ‘अं’ ऐवजी ‘म्हणजे’ मोजायचं ठरलं. मला ही मोजणी काही फारशी रुचली नाही. मोजणारी मुलगी ‘म्हणजे’वर इतकी टपून बसली की विषय काय होता, हे तिला शेवटी सांगता येईना.

मी मोजणी सोडली आणि न बोलणाऱ्यांकडे बघायला लागलो. एक जण बोलतो तेव्हा बाकीचे चौघे काय करतात? कोणी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळतं, कोणी स्वतःची चिठ्ठी ओठांतल्या ओठांत म्हणतं, कोणी खिडकीतून पार्किंग बघतं. आमच्याकडे शिवकीर्तनात मन्मथस्वामींच्या अभंगावर निरूपण चालतं, तेव्हा मागचे टाळकरी गप्पच असतात. पण महाराजांनी चरण अर्धा सोडला की उरलेला अर्धा त्यांनी उचललेला असतो. उचलायला आधी ऐकावं लागतं. वर्गातले बहुतेक गट म्हणजे एकामागून एक झालेली पाच भाषणं होती. मुक्तिसंग्रामाच्या गटाने १७ सप्टेंबर १९४८ ही तारीख तिघांच्या तोंडून सांगितली, आणि तिघांनीही ती नव्याने कळल्यासारखी सांगितली. किल्लारीच्या भूकंपाच्या गटात एकाने ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सांगितली. चारच्या जरा आधी जमीन हलली तिथे तो थांबला. वर्ग शांत झालेला. तेवढ्यात शेजारणीने ‘भूकंपाची व्याख्या’ वाचायला घेतली.

पाणी रेल्वेचा गट मात्र वेगळा निघाला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, हे वर्गात सगळ्यांना ठाऊक. तेव्हा आम्ही शाळेत होतो. पहिली गाडी दहा वाघिणींची होती, साधारण पाच लाख लिटरची, आणि पुढे पन्नास वाघिणींची सुरू झाली. बोलणारी मुलगी म्हणाली, “एका खेपेला पंचवीस कोटी लिटर.” तिच्याकडे न बघता शेजारच्या मुलाने हळूच “लाख” म्हटलं. तिने “पंचवीस लाख” म्हणून पुढचं वाक्य घेतलं, आवाज जराही न अडखळता. मागच्या बाकांना काही कळलंही नाही. तो मुलगा तिचं ऐकत होता, एवढंच त्याचं काम, आणि ते त्याने चोख केलं.

त्यानंतर लाईट गेली. प्रोजेक्टर बंद. आदल्या गटाचं याच ठिकाणी सगळं अडलं होतं, कारण त्यांचं भाषण पडद्यावर होतं आणि ते पडद्याकडे तोंड करून आम्हाला पाठ दाखवत वाचत होते. या गटातल्या तिसरीने खडू घेतला. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या तीन लाख त्र्याऐंशी हजारांच्या आसपास. पंचवीस लाख भागिले तेवढी माणसं. फळ्यावर भागाकार चालू असताना कोणी काही बोललं नाही, आणि त्यांनी ती शांतता भरून काढायची घाईही केली नाही. उत्तर आलं माणशी साडेसहा लिटर. चौथ्याने टेबलाखालून स्टीलची कळशी वर काढून ठेवली आणि म्हणाला, “हीसुद्धा काठोकाठ भरत नाही. एवढ्यात आंघोळ करायची का भांडी घासायची, तुम्हीच ठरवा.” पन्नास वाघिणींची गाडी ऐकून जे मोठं वाटलं होतं, ते पार आकसलं.

तक्त्यात मात्र आवाजाचे सर्वांत जास्त मार्क मिळाले देवणी गुरांच्या गटाला. तेही खोटं नाही. त्यांच्यातल्या एकाच्या घरी दावणीला देवणी जनावरं आहेत आणि त्याने कागद खाली ठेवूनच बोलायला सुरुवात केली. वानेरा कसा ओळखायचा? अंग पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंना काळं. शेवऱ्याच्या पांढऱ्या अंगावर काळे ठिपके कसेही पसरलेले. बाळंक्या वरून पांढराशुभ्र. हे सांगताना त्याचे हात हवेत जनावर काढत होते. गीर, डांगी आणि इथली गावरान गुरं यांच्या मिश्रणातून ही जात घडली असं मानतात, गाय दुधाला आणि बैल काळ्या रानातल्या कामाला, हेही त्याने ओघात सांगून टाकलं. आमच्या वर्गातलं हे सर्वांत चांगलं भाषण. त्यानंतरची मुलगी पुढे आली आणि वाचायला लागली, “देवणी गुरांचे तीन प्रकार आहेत. पहिला, वानेरा...” तिच्या पुढच्यानेही तेच केलं. उत्तम वक्ता ज्या गटात होता, तोच गट म्हणून सर्वांत कच्चा ठरला. त्याच्या भाषणाने बाकी चौघांना मदत व्हायच्या ऐवजी ते आणखीच आपापल्या चिठ्ठीत शिरले.

मग प्रश्न विचारायची वेळ आली. मागच्या बाकावरून एकाने खडा टाकला, “दूध किती देती? जर्सी परवडती की त्याच्यापेक्षा.”

मालक उत्तर देणार, तेवढ्यात वाचून दाखवणारी ती मुलगीच म्हणाली, “अन् दवाखान्याचा खर्च? ऊन वाढलं की जर्सी धापा टाकती. आमची देवणी उन्हात बी चरती.” म्हणजे तिच्याही घरी होती. पंधरा मिनिटांत हे कोणाला कळलं नव्हतं. दुसरा म्हणाला, आता बैल ठेवतंय कोण, सोयाबीनची पेरणी ट्रॅक्टरनेच होती. त्याला तिसऱ्याने अडवलं, डिझेलचा भाव काढला. मालकाने दोन्ही वेळचं मिळून पाच लिटर दूध सांगितलं, त्यावर ती म्हणाली, वासराला पाजून उरलेलं का आधीचं, ते सांग. चौघेही एकमेकांकडे बघून बोलत होते, एकाचं तुटलेलं दुसरा धरत होता, आणि नम्र विनंती कोणीही केली नाही.

तक्त्यात प्रश्नोत्तरांसाठी रकाना नव्हता. मी समासात लिहिलं, ‘समन्वय प्रश्नांच्या वेळी आला, मार्क वाढवावेत.’ सरांनी वाढवले नाहीत. वेळ संपल्यानंतरचं धरत नाहीत, म्हणाले.