उघड्यावरची तोफ आणि गोलंदाज

मी भाषेचा अध्यापक. तोफखान्याकडे वळलो तो शब्दांच्या वाटेने. युरोपीय दुर्गशास्त्रात ‘बार्बेट’ असा एक शब्द आहे. दाढी या अर्थाच्या फ्रेंच शब्दाचे हे लघुरूप. तटाच्या झरोक्यातून न डागता तटाच्या माथ्यावरून डागता येईल, अशा उघड्या मांडणीला हे नाव मिळाले.

या मांडणीमागे एक जुना पेच आहे. झरोका अरुंद ठेवला तर तोफेचे तोंड फारसे वळत नाही. रुंद केला तर शत्रूचा गोळा आत येतो. तोफ उघड्या चौथऱ्यावर चढवली, की ती दूरवर फिरवता येते. परंतु गोलंदाजाचा आडोसा जातो.

बेळगावकरांना विजापूरचा उपली बुरूज परका नाही. हैदरखानाने 1584 मध्ये उभारलेला हा बुरूज सुमारे 80 फूट उंच असून त्याचा जिना बाहेरून वळसे घेत चढतो. माथ्यावरील एका तोफेची लांबी 30 फुटांहून अधिक आहे. सपाट मुलुखात खालून माथ्यावरचा मनुष्य टिपणे अवघड. म्हणून तेथे उंची हाच आडोसा ठरला.

समुद्रावर हाच पेच निराळ्या रूपाने आला. तोफेभोवती चिलखती फिरता घुमट बसवावा, तर त्याच्या वजनामुळे नौकेची बाजू ठेंगणी ठेवावी लागे आणि लाटा डेकवर येत. 1889 च्या कायद्यान्वये ब्रिटनने बांधलेल्या ‘रॉयल सॉव्हरिन’ वर्गातील सात युद्धनौकांवर तोफा उघड्या बार्बेटमध्ये, उंचावर बसवल्या. आठव्या ‘हूड’ला बंद घुमट दिले. खवळलेल्या समुद्रात त्या सात नौका सरस ठरल्या. तरीही शीघ्रगती तोफांच्या माऱ्यापुढे उघड्यावरची माणसे टिकणे कठीण होते. त्यामुळे 1895 पासून सेवेत आलेल्या ‘मॅजेस्टिक’ वर्गात बार्बेटवर तोफेबरोबर फिरणारे चिलखती छत्र आले. पुढे छत्रालाच लोक घुमट म्हणू लागले आणि ‘बार्बेट’ हे नाव खालच्या स्थिर चिलखती कड्यापुरते उरले.

आपल्याकडे ‘गोलंदाज’ हा शब्द क्रिकेटच्या मैदानावर गेला. मूळ गोलंदाजांची नावे मात्र बहुतांशी हरवली. आपल्या विद्यार्थ्यांनी उपली बुरुजावरील तोफेची लांबी अवश्य पाहावी. आणि ती भरणाऱ्या माणसासाठी तेथे आडोसा किती होता, हेही पाहावे.